थंडीचा कारखाना

डिसेंबर अर्धा सरला की सालवडच्या रस्त्यावर रोज सकाळी एक मोहीम निघते. सातच्या पाळीला तारापूर एमआयडीसीकडे जाणारा माणूस कानटोपी, तिच्याभोवती मफलर, वर हेल्मेट आणि नाकावर रुमाल एवढ्या बंदोबस्तात मोटरसायकलवर बसलेला असतो. डोळे तेवढे उघडे, तेही नाइलाजाने. दुपारी पाळी सुटली की तोच माणूस अर्ध्या बाह्यांच्या शर्टात नाक्यावर उसाचा रस पीत उभा असतो आणि रसवाल्याला ‘बर्फ जरा जास्त टाक’ म्हणून सांगत असतो. मधल्या आठ तासांत हिवाळा येऊन गेला म्हणावं, तर डहाणूच्या वेधशाळेत तशी काही खळबळ उडालेली नसते. मग या माणसाने सकाळी एवढं अंगावर घेतलं ते कशाच्या भरवशावर? माझं उत्तर असं की डब्याच्या भरवशावर. डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आहे, ओल्या लसणीची चटणी आहे आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला डिंकाचा लाडू आहे. एवढा पुरावा जवळ असलेल्या माणसाला थर्मामीटर लागत नाही. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात थंडी पडत नाही, ती तयार केली जाते, आणि तिचा कारखाना एमआयडीसीत नसून स्वयंपाकघरात आहे, एवढंच मला सिद्ध करायचं आहे.

थंडी पडत का नाही, याचं उत्तर सोपं आहे. दोष समुद्राचा. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं, त्यामुळे किनाऱ्यावरची हवा उन्हाळ्यात फार चढत नाही आणि हिवाळ्यात फार उतरत नाही. वर्षभर एकाच वेतनश्रेणीत काम करते. मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर आला होता, आणि त्या एका रात्रीच्या जोरावर चर्चगेटपासून डहाणूपर्यंतच्या लोकांनी पुढे साठ वर्षं स्वेटर विकत घेतले. हवामान खात्यालाही किनाऱ्याची ही अडचण ठाऊक आहे. सपाट प्रदेशात थंडीची लाट जाहीर करायची तर किमान तापमान १० अंशांपर्यंत तरी उतरावं लागतं. किनाऱ्यावर मात्र ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं असेल तर १५ अंशांवरही लाट मान्य होते. म्हणजे खात्याने आपल्याला सरळ पाच गुण वाढवून दिलेत. तरी आपण काठावरच. मग लोकांनी स्वतःचं खातं काढलं. त्याची वेधशाळा बाथरूमच्या फळीवर असते: खोबरेल तेलाची निळी बाटली. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. बाटली उलटी केली आणि तेल आलं नाही की घरात हिवाळा जाहीर होतो. खात्याचा निकष १५, घराचा २४. या नऊ अंशांच्या फरकात आपला सगळा हिवाळा बसवलेला आहे.

घोषणा झाली की उत्पादन सुरू होतं. तारापूरच्या माणसाला उत्पादनाची पद्धत शिकवावी लागत नाही. कच्चा माल बाहेरून येतो, उष्णता इथे लावतात, माल बाहेर जातो आणि वास मागे राहतो, हा इथल्या उद्योगाचा साधा हिशोब. देशातल्या पहिल्या अणुवीज केंद्राच्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये इथेच सुरू झाल्या, आणि त्यांची जात होती उकळत्या पाण्याची. माणसाने अणू फोडला, त्यासाठी शास्त्रज्ञांच्या पिढ्या खपल्या, आणि शेवटी त्या उष्णतेचं केलं काय, तर पाणी उकळून वाफ काढली. कुकरच्या शिट्टीने जी वाया जाते तीच. ज्या गावाशेजारी विज्ञानाचं शिखर म्हणजे आधण ठेवणं, तिथल्या स्वयंपाकघराला कोणी कमी लेखू नये. थंडीचा कच्चा मालही असाच बाहेरचा: बाजरी घाटावरून, गूळ कोल्हापूरकडून, लाल गाजरं उत्तरेकडून, खारीक तर समुद्रापलीकडून. उष्णता घरच्या गॅसची. आणि तयार होणारा माल म्हणजे, बाहेर २८ अंश असताना, हॉलमधल्या चार माणसांना एकदम होणारी ‘यंदा गारठा जरा जास्तच आहे’ ही भावना.

आयुर्वेद सांगतो की हेमंतात बाहेरच्या थंडीमुळे पोटातला अग्नी प्रबळ होतो, म्हणून जड आणि स्निग्ध खावं. म्हणजे आधी थंडी, मग भूक, मग लाडू. सालवडला हा क्रम नेमका उलटा लागतो. आधी लाडू होतात. मग ते झालेच आहेत म्हणून खाल्ले जातात. आणि एवढे लाडू पचतात त्या अर्थी थंडी पडलेली असलीच पाहिजे, असा निष्कर्ष शेवटी निघतो. धुंधुरमासाचंही तेच. सूर्य उगवायच्या आत मुगाची खिचडी आणि लोणी-भाकरी खायची, ही रीत ज्या कोणी घातली असेल त्याला दात वाजवणारी पहाट माहीत असणार. इथे पहाटे साडेपाचला खिचडी खाणारा माणूस थोडासा घामेजलेला असतो, पण वरून शाल काढत नाही. काढली तर सगळा युक्तिवादच कोसळेल.

इथे कोणी शहाणा म्हणेल की ही निव्वळ फसवणूक आहे, स्वतःची स्वतः केलेली; सात दिवसांच्या गारव्याला सत्तर दिवसांचा मेनू लावायचा हा शहरी चाळा. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे, म्हणून त्याचं उत्तर मी माणसाकडून न घेता बोंबलाकडून घेतो. सातपाटीपासून दांडीपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतर बोंबील वाळत टाकतात. बांबूंच्या मांडवावर, जबड्यात जबडा अडकवून, धुणं वाळत घालावं तसे. बोंबलाच्या अंगात पाणी इतकं की तो मासा कमी आणि ओलावा जास्त. असा प्राणी दमट हवेत वाळणार नाही, कुजेल. तो कडकडीत वाळतो कारण या दिवसांत जमिनीवरून समुद्राकडे कोरडा वारा वाहतो. म्हणजे आपल्या हिवाळ्यात थंडी नसली तरी कोरडेपणा खरा आहे. ओठ फुटतात, टाचा फुटतात, पापड आपोआप कुरकुरीत राहतो, आणि मिठाच्या बरणीतला चमचा जुलैनंतर पहिल्यांदा मोकळा फिरतो. आपण या कोरडेपणालाच थंडी म्हणतो, ही भाषेची ढिलाई झाली, फसवणूक नव्हे. बोंबील काही कोणाच्या भावनेखातर वाळत नाही.

आता भाजण्याकडे वळतो, कारण या कारखान्यातला सगळ्यात मोठा विभाग तो आहे आणि सगळ्यात जास्त गैरसमजही तिथेच आहेत. डिसेंबरात बोईसरच्या दुकानांतून मैदा, बेकिंग पावडर आणि टुटीफ्रुटी यांचा उठाव झाला की जुनी माणसं मान हलवतात: हे केक-बिक आपलं नव्हे, आपल्याकडे शिजवतात, उकडतात, तळतात, ओव्हनमध्ये भाजणं हा साहेबाचा धंदा. या म्हणण्यात एकच चूक आहे, पण ती मुळातच आहे. ओव्हन म्हणजे लोखंडी पेटी नव्हे. बंद जागेत चहूबाजूंनी लागणारी कोरडी आच म्हणजे ओव्हन, आणि ती आपल्याकडे पेटी यायच्या कितीतरी आधी होती. सालवडवरून दक्षिणेला रायगडात गेलात तर पोपटी आहे: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, बटाटे, ऐपतीप्रमाणे कोंबडी, पुन्हा पाल्याचं बूच, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. उत्तरेला तलासरी ओलांडून वापी-वलसाडच्या बाजूला गेलात तर महामार्गाच्या कडेला उंबाडियूची मडकी अशीच उपडी मांडलेली दिसतात, आत पापडी, कंद, रताळी. दोन्हीकडे पाण्याचं नाव नाही. या दोन मडक्यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाने ‘भाजणं आपलं नव्हे’ म्हणावं, हे विहिरीत बसून तहान लागल्याची तक्रार करण्यासारखं आहे. पाठारे प्रभूंचं भानोलं घ्या, कोकणातलं काकडीचं धोंडस घ्या. झाकणावर निखारे ठेवून खाली-वर आच देण्याची युक्ती त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. वरची आच आणि खालची आच यांचं जे बटण आज ओटीजीवर असतं आणि कोणालाच नीट कळत नाही, ते त्या काळी चिमट्याने चालत असे आणि सगळ्यांना कळत असे.

फुगवण्याचा मुद्दाही उरतोच. भाजता येत होतं, पण फुगवायचं यीस्ट कुठून आणणार? झाडावरून. डहाणू ते केळवे या किनाऱ्यावर ताडाची झाडं काय कमी आहेत! ताडीत यीस्ट आपोआप नांदतं. गोव्यातला पाव जुन्या काळी ताडीवरच फुगे, आणि ईस्ट इंडियन घरांतले फुगे नावाला जागून तसेच फुगत. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा हे खरं. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, वसई घेतली, आणि तहात पाव परत करण्याची अट घातल्याचं काही दिसत नाही. किल्ला पडला, पाव फुगत राहिला. उलट आज बोईसर स्टेशनाबाहेर वडापावच्या गाडीसमोर उभं राहून ‘बेकिंग ही पाश्चात्त्य संस्कृती’ म्हणणारा माणूस तोंडात काय घेऊन बोलतोय, हे त्यानेच एकदा पाहावं.

घरगुती ओव्हनचा इतिहास मात्र थोडा करुण आहे. आधी नानकटाईसाठी रवा, मैदा, तूप, साखर डब्यातून बेकरीच्या भट्टीवर नेण्याचे दिवस होते. तिथे आपलं तूप आपल्याच नानकटाईत गेलं की नाही यावर घरी परतताना रिक्षाभर चर्चा होई. मग झाकणाला काच बसवलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, ज्याच्या काचेतून वाफेशिवाय काहीही दिसत नसे. मग कुकर. शिट्टी काढायची, रिंग काढायची, तळाला वाटीभर मीठ किंवा वाळू पसरायची आणि वर केकचं भांडं. यातली कल्पकता लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या भांड्याचा जन्मच वाफ कोंडण्यासाठी झाला, त्याची वाफ काढून घेऊन त्याला कोरडं राहायला शिकवायचं, म्हणजे तारापूरच्या भट्टीला पाणी उकळू नकोस म्हणून सांगण्यासारखं आहे. तरी तो केक होतो, चांगला होतो, आणि फक्त तळाशी किंचित करपतो; तो भाग मुलांच्या वडिलांना देतात. पुढे २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत ओटीजी आले. त्यांतले जे चालू आहेत ते डिसेंबरात जागे होतात. बाकीचे, आणि जवळजवळ सगळे मायक्रोवेव्ह, मुंग्यांपासून सुरक्षित जागा म्हणून वापरात आहेत. त्यांत चकली उत्तम राहते. केक १८० अंशांवर भाजायचा असतो, आणि वन-बीएचकेच्या हॉलमध्ये ओटीजी अर्धा-पाऊण तास १८० वर ठेवला की घरातला हिवाळा तेवढा वेळ स्थगित होतो; पण केक ‘थंडीचा’ म्हणूनच केलेला असल्याने त्याबद्दल कोणी बोलत नाही.

एमआयडीसीमुळे या कारखान्याला आणखी एक गंमत जोडली गेली. सालवड-बोईसरच्या एकाच इमारतीत चार-पाच प्रांतांचे हिवाळे भाड्याने राहतात. तळमजल्यावरच्या बिहारी घराला लिट्टी हवी. लिट्टी खरी गोवरीच्या निखाऱ्यावरची, पण सोसायटीच्या नियमावलीत गोवरीचा उल्लेख नाही, त्यामुळे ती पापड भाजायच्या जाळीवर भाजली जाते. त्याच्या वरच्या राजस्थानी घरात बाटी आहे. तीही मूळची निखाऱ्यातली, आता कुकरमध्ये. दुसऱ्या मजल्यावर खानदेशी भरिताचं वांगं थेट बर्नरवर चढलेलं असतं आणि त्यातून गळणाऱ्या पाण्याने बर्नरची भोकं बुजत असतात. सूरतकडच्या गुजराती घरात ऊंधियूची तयारी चालते, जो नावाप्रमाणे उपड्या मडक्यातला, पण आता सुलट्या कुकरात होतो. आणि तिसऱ्या मजल्यावर केळवे-माहीमकडच्या वाडवळांची उकडहंडी, कंद-पापडी-शेंगांची, झाकण घट्ट लावून. नीट पाहिलं तर प्रत्येक मजल्यावर एकच पदार्थ शिजतोय: जमिनीतून आलेलं किंवा पिठाचं काहीतरी गोल, बंद आचेत, पाण्याशिवाय. भारतातल्या हिवाळ्याची ही एवढीच पाककृती दिसते, मसाले तेवढे वेगळे. यातल्या निम्म्या घरांना त्यांच्या गावी खरी थंडी मिळाली असती. ती सोडून ते इथे आले आणि इथे येऊन तिची नक्कल बनवत बसले. पण नकलेवर हसायचं कारण नाही. गावी हिवाळा फुकट मिळतो, म्हणून तिथे त्याची किंमत कोणी करत नाही.

‘आता सगळं बारमाही मिळतं, मग ऋतूचा स्वयंपाक राहिला कुठे?’ हा आक्षेप फार ऐकू येतो, पण त्यात दम नाही. मटार गोठवलेला मिळतो, हे मान्य. ज्याला ताज्या मटाराची पिशवी समोर ओतून, टीव्ही पाहत, चार सोलले की एक तोंडात टाकत ती संपवायची असते, त्याला गोठवलेला मटार काय देणार? ओल्या लसणीची पात, गावठी पापडी आणि उकडलेले करांदे मे महिन्यात आणून दाखवावेत, मग बोलू.

शेवटचा आक्षेप मात्र मला चुकवता येत नाही, आणि तो कारखान्याच्या आतूनच येतो. थंडी तयार होते हे ठीक, पण ती मिळते कोणाला? डिंकाच्या लाडवाचा प्रवास पाहा. डिंक तुपात फुलवायचा, म्हणजे तूप चांगलं तापलेलं हवं. खोबरं भाजायचं, खसखस भाजायची, खारकेची पूड परतायची, गुळाचा पाक करायचा. आणि हे सगळं एकत्र करून लाडू वळायचे ते गरम असतानाच, कारण मिश्रण निवलं की वळत नाही, नुसता भुगा होतो. म्हणजे ‘थंडीचा लाडू’ या पदार्थात थंड होण्यासाठी एक मिनिटही राखून ठेवलेलं नाही. बाजरीच्या भाकरीला आच मोठी लागते, आणि पंखा लावला तर गॅसची ज्योत फडफडते, म्हणून पंखा बंद. इतक्यात हॉलमधून आवाज येतो, ‘अगं, तिकडची खिडकी लाव ना, वारा आत येतोय.’ खिडकीही बंद. या क्षणी त्या घरात चार माणसं हिवाळा उपभोगत असतात आणि पाचवी व्यक्ती, जी तो निर्माण करते आहे, ती एप्रिलमध्ये उभी असते. वीज तयार होते त्या गावातच दिवे जातात म्हणून आपण तावातावाने बोलतो. हा प्रकार त्याहून जवळचा आहे आणि त्यावर निवेदनही देता येत नाही, कारण ज्याला द्यायचं तो शाल पांघरून बसलेला असतो.

यावर पुरुषांची बाजू मांडणारे लगेच पोपटीचं नाव काढतात. पोपटी आम्ही लावतो! खरं आहे. वर्षातून एकदा, शनिवारी रात्री, कोणाच्या तरी वाडीत, अंगणातल्या मोकळ्या हवेत, म्हणजे या सगळ्या उद्योगात जिथे खरोखर गार वारा लागतो नेमक्या त्या एकाच जागी पुरुष कामाला उभे राहतात. शेंगा आदल्या दिवशी निवडून धुऊन ठेवलेल्या असतात, चिकनला मसाला लावून दिलेला असतो. यांनी मडकं उपडं करायचं, जाळ घालायचा आणि जाळासमोर फोटो काढायचे. मग दुसऱ्या दिवशी काजळलेली ताटं घरी येतात. एक वर्ष ही वाटणी उलटी करून पाहायला हरकत नाही: मडकं आणि वाडी बायकांकडे, डिंक आणि पाक पुरुषांकडे. कानटोपी घालून लाडू वळणारा माणूस दहा मिनिटांत ती काढतो की नाही, एवढीच चाचणी पुरेशी आहे.

तोवर उत्पादन चालूच राहणार. संक्रांत जवळ आली की तिळाची भर पडते, हलवा करणाऱ्या घरांतून परातीखाली मंद आच दिवसदिवस जळते, आणि इडलीचं पीठ आंबावं म्हणून पातेल्याला जुना स्वेटर घालतात. अख्ख्या घरात त्या स्वेटरची खरी गरज असलेला तो एकटाच. रात्री आठच्या सुमाराला इमारतीतले सगळे एक्झॉस्ट पंखे एकदम सुरू होतात. तूप, गूळ, भाजलेलं वांगं आणि लसूण यांचा ऊन ऊन झोत मधल्या चौकात येतो आणि समोरच्या गॅलरीपर्यंत जातो. तिथे बनियनवर उभे असलेले काका वर्तमानपत्राने वारा घेत आत सांगतात, ‘यंदा काही थंडी पडली नाही बुवा.’